गॅरी गायगॅक्स : टेबलावर जग उभारणारा माणूस

होस्टेलमध्ये रात्री दहानंतर कुठल्याही मजल्यावर चक्कर मारा. लेव्हल वाढली, एचपी संपले, एक्सपी मिळाले, असं दोन-तीन रूममधून तरी ऐकू येतंच. हे शब्द आपण इतके सहज वापरतो की ते कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा कागदावर छापले असतील, हे डोक्यातही येत नाही. ते छापले गेले १९७४ साली, घराघरांत कम्प्युटर पोचण्याच्या खूप आधी, अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा नावाच्या एका छोट्या गावात. ज्या खेळाच्या पुस्तिकांत ते छापले, त्याचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, आणि त्या पुस्तिका ज्याने लिहून काढल्या त्याचं नाव अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स.

आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रं येतात. कलाम सर, विश्वेश्वरय्या, टेस्ला. गॅरी त्या रांगेत बसणारा नाही. त्याने धरण बांधलं नाही, रॉकेट उडवलं नाही. त्याने तर हायस्कूलसुद्धा अर्धवट सोडलं. तरी मला वाटतं की आपण इंजिनिअरिंगच्या मुलांनी त्याचं आयुष्य वाचायला हवं, कारण जे प्रश्न आपल्याला चार वर्षांत पडतात तेच त्याला पडले होते. कल्पना मोठी की ती नीट लिहून काढणं मोठं? चौघांनी मिळून केलेल्या कामावर नाव कोणाचं? आणि मित्रांबरोबर धंदा काढला तर शेवटी मित्र उरतात का?

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ ला शिकागो शहरात झाला. वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडहून आलेले, शिकागोच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. मुलाला ते जादूगारांच्या आणि राक्षसांच्या गोष्टी सांगायचे. १९४६ मध्ये, गॅरी आठ वर्षांचा असताना, हे कुटुंब आईच्या माहेरगावी म्हणजे लेक जिनिव्हाला राहायला आलं. विस्कॉन्सिन राज्यातलं हे तळ्याकाठचं गाव. आमच्या तुमसरहून नागपूर गाठायचं तसं तिथून शिकागो गाठायचं, फक्त अंतर जरा जास्त. गावात करमणुकीची साधनं थोडी, त्यामुळे मुलं आपली करमणूक आपणच शोधायची.

गॅरीने ती तीन ठिकाणी शोधली. एक म्हणजे बुद्धिबळ आणि पत्ते. दुसरं म्हणजे स्वस्त कागदावर छापलेली कथामासिकं, ज्यांत रॉबर्ट हॉवर्डचा कोनान तलवार घेऊन फिरायचा. आणि तिसरं, गावाजवळचं एक बंद पडलेलं सॅनेटोरियम. त्या ओसाड इमारतीत आणि तिच्या खालच्या बोगद्यांत तो मित्रांबरोबर भटकायचा. आमच्या भागातल्या पोरांना यातली मजा वेगळी सांगायला नको. तुमसरच्या उत्तरेला आंबागडचा किल्ला आहे, तीनशे वर्षांपेक्षा जुना. तिथे गेलेल्या प्रत्येक पोराने पडक्या भिंतींमागे काय असेल याची निदान एक तरी भन्नाट गोष्ट रचलेली असते. फरक एवढाच की आपण मोठे झालो की ती गोष्ट विसरतो. गॅरी विसरला नाही.

१९५६ मध्ये वडील वारले. त्याच सुमारास शाळा सुटली. थोडे दिवस तो मरीन्समध्ये होता, पण आजारपणामुळे परत आला. मग शिकागोत क्लार्कची नोकरी, रात्रीच्या कॉलेजात काही विषय, आणि १९५८ मध्ये ओळखीतल्याच मेरी जो पॉवेलशी लग्न. पुढे त्यांना पाच मुलं झाली. गॅरी एका विमा कंपनीत अंडररायटर झाला. हे काम म्हणजे कोणत्या ग्राहकाचा धोका किती, त्याला किती हप्ता लावायचा, याचा तक्ते बघून हिशेब करणं. ही नोकरी लक्षात ठेवा. पुढे त्याच्या पुस्तकांत पानोपानी जे तक्ते आले, त्यांत मला हा विमावाला स्पष्ट दिसतो.

१९५८ च्या शेवटी त्याच्या हातात गेटिसबर्ग नावाचा युद्धाचा बोर्डगेम पडला आणि त्याला वेडच लागलं. अमेरिकन यादवी युद्धातली लढाई पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी नकाशावर पुन्हा लढायची, असा तो खेळ. एक लढाई संपली की दुसरी. संध्याकाळी घरी यायला उशीर होऊ लागला. दुसऱ्या बाळाच्या वेळी मेरी जोला इतकी खात्री झाली की नवऱ्याचं बाहेर काहीतरी प्रकरण आहे, की ती त्याला रंगेहाथ पकडायला एका मित्राच्या तळघरात जाऊन धडकली. तिथे गॅरी आणि त्याचे मित्र नकाशे पसरलेल्या टेबलाभोवती बसले होते. तिला त्या क्षणी हायसं वाटलं असेल की जास्तच राग आला असेल, कोण जाणे.

१९६७ मध्ये गॅरीच्या घरच्या तळघरात वीसेक खेळाडू जमले. पुढच्या वर्षी त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि जाहीर मेळावा भरवला. त्याचं नाव पडलं जेन कॉन. हा मेळावा आजही दरवर्षी भरतो, आता इंडियानापोलिस शहरात, आणि २०२३ मध्ये तिथे सत्तर हजारांवर माणसं आली होती. पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचा मेळावा १९६९ चा. त्यात गॅरीची भेट डेव्ह आर्नेसन नावाच्या तरुणाशी झाली. डेव्ह मिनेसोटा विद्यापीठात इतिहास शिकत होता. दोघांना जुन्या काळच्या जहाजांच्या लढाया आवडायच्या, त्यातून दोघांनी मिळून एका खेळाचे नियम लिहिले. मैत्रीची सुरुवात अशी झाली.

१९७० मध्ये गॅरीची विमा कंपनीतली नोकरी गेली. घरात पाच मुलं. त्याने घरीच बूट दुरुस्तीचं काम सुरू केलं आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहीत राहिला. १९७१ मध्ये जेफ पेरेनबरोबर लिहिलेलं त्याचं चेनमेल नावाचं पुस्तक निघालं. मध्ययुगीन सैन्यांच्या लढाईचे नियम त्यात होते. शेवटी गॅरीने एक पुरवणी जोडली, तिच्यात जादूगार, ड्रॅगन, आगीचे गोळे. इतिहासाची शिस्त पाळणाऱ्या काही खेळाडूंना ते पोरकट वाटलं. बाकीच्यांना तीच पुरवणी सगळ्यात जास्त आवडली.

इकडे मिनेसोटात वेगळंच काही घडत होतं. तिथल्या डेव्हिड वेस्ली नावाच्या खेळाडूने १९६९ मध्ये एक प्रयोग केला होता. लढाईच्या खेळात प्रत्येक जण अख्खं सैन्य चालवतो. वेस्लीने प्रत्येकाला एकच माणूस दिला: कोणी गावचा प्रमुख, कोणी विद्यार्थी, कोणी अधिकारी. खेळाडू ठरलेल्या चाली सोडून आपापल्या माणसासारखे वागायला, बोलायला, कारस्थानं करायला लागले. आर्नेसनने तोच धागा पकडून ब्लॅकमूर नावाचं काल्पनिक राज्य उभं केलं. त्याने खेळाडूंना किल्ल्याखालच्या भुयारांत पाठवलं. तोच माणूस पुढच्या आठवड्यात परत खेळायचा, अनुभवाने तरबेज होत जायचा. सुरुवातीला लढाईसाठी त्याने गॅरीचंच चेनमेल वापरलं, पण नंतर स्वतःचे नियम करत गेला. ते नियम बरेचसे त्याच्या डोक्यात आणि काही सुट्या कागदांवर होते.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन लेक जिनिव्हाला आला आणि गॅरीच्या घरी त्याने ब्लॅकमूर खेळवून दाखवलं. गॅरीला कळून चुकलं की हे काहीतरी नवीन आहे. त्याने आर्नेसनकडून त्याच्या टिपा मागवल्या आणि टाइपरायटरवर बसला. पहिला मसुदा ५० पानांचा झाला. तो कोणावर तपासायचा? घरातल्यांवर. मोठा मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस हे त्याचे पहिले खेळाडू. गॅरीने ग्रेहॉक नावाच्या किल्ल्याची भुयारं आखली आणि दोघांना आत सोडलं. त्यांना मोठाल्या गोमा भेटल्या, विंचू भेटले, शेवटी ३००० तांब्याच्या नाण्यांची पेटी सापडली, पण ती इतकी जड निघाली की पोरांना उचलता येईना. दुसऱ्या दिवशी मित्र आले, डॉन के आणि कुंट्झ भाऊ. मग टेबलाभोवती गर्दी वाढतच गेली. मसुदा १५० पानांवर पोचला.

ज्यांनी हा प्रकार कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार, ज्याला तिकडे डंजन मास्टर म्हणतात. बाकी प्रत्येकाचं एक पात्र: योद्धा, जादूगार, चोर वगैरे. समजा मी सूत्रधार आहे. मी म्हणतो की तुम्ही आंबागडच्या बुरुजाखाली उभे आहात, रात्र आहे, आतून लोखंड घासल्याचा आवाज येतोय. आता तुम्ही काय करता? इथे कुठलंच बटण नाही, ठरलेले चार पर्याय नाहीत. कोणी म्हणेल दोर टाकून वर चढतो, कोणी म्हणेल आवाज देऊन बघतो, कोणी म्हणेल सरळ पळतो. जे कठीण आहे त्यासाठी फासा टाकायचा. जमलं तर जमलं, नाही तर घसरला. सूत्रधार पुढे सांगतो, गोष्ट सरकते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सगळ्यांची मिळून एक गोष्ट तयार होते आणि ती कशी संपणार हे सूत्रधारालाही ठाऊक नसतं.

आम्हा भंडारा जिल्ह्यातल्यांना हे फार परकं वाटू नये. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत रंगते. सोंग घेतलेला नट हजरजबाबीपणे समोरच्याला उत्तर देतो आणि लोक रात्रभर बसतात. गॅरी आणि डेव्हने वेगळं केलं ते इतकंच की प्रेक्षक ठेवलेच नाहीत, सगळ्यांना सोंग दिलं. आणि वाद मिटवायला फासे आणले.

फाशांचा विषय निघालाच आहे तर आपल्या कामाची गोष्ट सांगतो. प्लेटोच्या नावाने ओळखले जाणारे पाच सम घन असतात: ४, ६, ८, १२ आणि २० पृष्ठांचे. त्या आकारांचे फासे शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये गॅरीला मिळाले आणि त्याने ते सगळेच खेळात घेतले. वीस पृष्ठांचा एक फासा टाकला तर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. पण सहा पृष्ठांचे तीन फासे टाकून बेरीज केली तर एकूण २१६ शक्यता होतात. त्यांत १० बेरीज यायच्या २७ रीती, ११ यायच्याही २७, आणि १८ यायची फक्त एक. म्हणून पात्राची ताकद, बुद्धी वगैरे तीन फाशांनी ठरवायची, म्हणजे बहुतेक माणसं साधारण निघतात आणि एखादाच भीम. तलवारीचा घाव मात्र एका फाशावर, म्हणजे नशीब कधीही पलटू शकतं. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गॅरीने सुरुवातीलाच हे आलेख काढून समजावलं आहे. हायस्कूल सोडलेल्या माणसाने नॉर्मल कर्व्ह अमेरिकेतल्या लाखो पोरांच्या गळी उतरवला. आपल्याला तो एम-थ्रीमध्ये शिकवावा लागतो.

आता पुन्हा १९७३ कडे येऊ. मसुदा तयार होता, पण छापायला कोणी तयार होईना. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत, हार-जीत नाही, असा कसला खेळ? तेव्हा गॅरीचा बालमित्र डॉन के पुढे आला. त्याने आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढलं. दोघांनी आपापले पैसे घालून ऑक्टोबर १९७३ मध्ये टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजे टीएसआर, ही कंपनी काढली. पैसे कमी पडले म्हणून ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार आला. जानेवारी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १००० प्रती निघाल्या. लाकडासारख्या दिसणाऱ्या डब्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. डबे भरायचं काम घरीच, हाताने. जाहिरात जवळपास शून्य. वर्षाच्या आत सगळ्या प्रती संपल्या. पुस्तिकांवर दोन नावं होती, गायगॅक्स आणि आर्नेसन.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या सगळ्यांना आवडते. चार मित्र, एक तळघर, थोडे पैसे आणि वेडी कल्पना. अशा गोष्टी बहुतेक इथेच थांबतात. पण गॅरीचं खरं आयुष्य इथून पुढे आहे.

३१ जानेवारी १९७५ ला डॉन के हार्ट अटॅकने गेला. वय ३६. कंपनी अजून बाळसं धरत होती. डॉनचा हिस्सा विकत घ्यायला गॅरीजवळ पैसा नव्हता. ब्लूम कुटुंबाने पैसा घातला आणि हळूहळू कंपनीत गॅरीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. खेळ त्याचा, चेहरा त्याचा, पण शेअर दुसऱ्यांचे. तेव्हा खेळ भराभर वाढत होता, त्यामुळे या गोष्टीचं वजन कोणाच्या लक्षात आलं नसावं.

मग आर्नेसनचा प्रश्न आला. १९७६ मध्ये तो टीएसआरमध्ये नोकरीला आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेरही पडला. १९७७ ते १९७९ मध्ये गॅरीने खेळाची मोठी, सुधारलेली आवृत्ती तीन जाड पुस्तकांत आणली, ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स. मुखपृष्ठावर एकच नाव, गॅरी गायगॅक्स. कंपनीचं म्हणणं, हा वेगळा खेळ आहे, त्यामुळे यावर आर्नेसनला रॉयल्टी नाही. आर्नेसनने १९७९ मध्ये कोर्टात दावा लावला. १९८१ मध्ये कोर्टाबाहेर समझोता झाला.

या वादावर आजही लोक भांडतात आणि मीसुद्धा बराच विचार केला. फायनल इयरचा प्रोजेक्ट डोळ्यांसमोर आणा. एकाला कल्पना सुचते, तो जुगाड करून मॉडेल चालवून दाखवतो, पण त्याच्या वहीतलं त्याचं त्यालाच कळतं. दुसरा रात्र रात्र बसून ड्रॉइंग काढतो, मापं बसवतो, रिपोर्ट लिहितो, की जो वाचून तिसरा कोणीही तेच मॉडेल बनवू शकेल. यात प्रोजेक्ट कोणाचा? आर्नेसन नसता तर गॅरी सैन्यांच्या लढायाच लिहीत बसला असता. गॅरी नसता तर ब्लॅकमूर मिनेसोटातल्या दहा-पंधरा मित्रांपुरतं राहिलं असतं आणि कॉलेज संपल्यावर विरून गेलं असतं. माझ्या मते लिहून काढणं हे कल्पनेइतकंच मोठं काम आहे, आणि आपण इंजिनिअर लोक त्याला उगाच कमी लेखतो. पण लिहिणाऱ्याच्या हातात एक ताकद असते. पानावर कोणाचं नाव राहील हे तो ठरवतो. गॅरीने त्या १९७९ च्या पुस्तकाच्या शेवटी, ज्या लेखकांच्या कथांवरून त्याला खेळ सुचला त्यांची मोठी यादी दिली आहे. हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, टॉल्किन. मुखपृष्ठावर मात्र मित्राला जागा मिळाली नाही. मला त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात खटकणारी गोष्ट वाटते.

आणि हाच गॅरी मित्रांची नावं जपण्यात तरबेजही होता! अर्नेस्ट या नावाची अक्षरं उलटसुलट करून अर्नीने आपल्या जादूगाराचं नाव टेन्सर ठेवलं होतं. धाकट्या ल्यूकच्या पात्राचं नाव मेल्फ. जिम वॉर्डचं नाव उलटं वाचून झालं ड्रॉमिज. गॅरीने खेळातल्या मंत्रांना ही नावं दिली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकातही हे तिन्ही मंत्र त्याच नावांनी आहेत. जगात कुठेही एखादी मुलगी तरंगती तबकडी निर्माण करण्यासाठी टेन्सरचं नाव घेते, तेव्हा तिला माहीत नसतं की ते लेक जिनिव्हाच्या टेबलावर बसलेल्या एका मुलाचं नाव आहे.

१९७९ मध्येच खेळावर मोठं संकट आलं. मिशिगनमधला एक कॉलेजचा मुलगा बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की तो हा खेळ खेळता खेळता विद्यापीठाच्या भुयारांत हरवला. मुलगा सापडला, कारण खेळ नव्हतं, त्याची स्वतःची दुःखं होती. पण बातमी पसरायची ती पसरली. पुढे काही पालक आणि धार्मिक संघटनांनी हा खेळ सैतानी ठरवला, आत्महत्यांचं खापर त्याच्यावर फोडलं. १९८५ मध्ये गॅरी टीव्हीवरच्या सिक्स्टी मिनिट्स या कार्यक्रमात बाजू मांडायला गेला. नंतरच्या अभ्यासांत खेळाचा आणि आत्महत्यांचा संबंध आढळला नाही. गंमत म्हणजे या आरडाओरड्याने खप वाढलाच. आपल्या पालकांची मोबाइल गेमवरची लेक्चर ऐकताना मला हा इतिहास नेहमी आठवतो. फक्त काळजी करणारे सगळेच मूर्ख नव्हते. दुःखी मुलगा त्यांना दिसला, पण कारण चुकीचं पकडलं.

१९८३ मध्ये टीव्हीवर कार्टून मालिका आली, आणि गॅरी हॉलीवूडला गेला. मोठा बंगला, पार्ट्या. मेरी जोबरोबरचा संसार याच काळात तुटला. इकडे गावात कंपनीवर १५ लाख डॉलर कर्ज चढलं. तो धावत परत आला, पुस्तकं काढून पैसा उभा केला, कंपनीची सूत्रंही हातात घेतली. याच काळात टीएसआरने आर्नेसनशी पुन्हा जुळवून घेतलं आणि १९८६ मध्ये ब्लॅकमूरवरच्या पुस्तिका निघाल्या. पण तोवर ऑक्टोबर १९८५ मध्ये, गॅरीनेच कारभार सांभाळायला आणलेल्या लॉरेन विल्यम्स यांनी ब्लूम कुटुंबाचे शेअर विकत घेतले. गॅरीने कोर्टात धाव घेतली, तिथे हरला. १९८६ संपता संपता तो टीएसआरमधून कायमचा बाहेर पडला. ज्या खेळामुळे जग त्याला ओळखत होतं, त्या खेळाचा एक शब्दही आता तो कंपनीला विचारल्याशिवाय लिहू शकत नव्हता. १९९२ मध्ये त्याने नवा खेळ काढला, तर टीएसआरने त्याच्यावरच दावा ठोकला. आर्नेसनला जे सोसावं लागलं, तेच फिरून त्याच्या वाट्याला आलं.

टीएसआर पुढे स्वतःच कर्जात बुडाली. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ती विकत घेतली आणि १९९९ मध्ये हॅस्ब्रोने विझार्ड्सला घेतलं. नव्या मालकांनी गॅरीशी सलोखा केला. पण तो परत मोठ्या खुर्चीवर बसला नाही. १९८७ मध्ये त्याने गेल कारपेंटरशी लग्न केलं होतं. तो लेक जिनिव्हालाच राहिला आणि दर आठवड्याला घरी खेळ लावायचा. २००४ मध्ये स्ट्रोक आले, तब्येत ढासळली, तरी टेबल सुटलं नाही. ४ मार्च २००८ ला वयाच्या ६९ व्या वर्षी तो त्याच गावात वारला. अंत्यविधीनंतर जमलेले मित्र, घरचे आणि चाहते गावातल्या अमेरिकन लीजन हॉलमध्ये गेले आणि खेळायला बसले. त्यातूनच २००९ पासून गॅरी कॉन हा मेळावा सुरू झाला. डेव्ह आर्नेसन ७ एप्रिल २००९ ला गेला.

एक शेवटची घटना त्या दोघांनी पाहिली नाही. २०२३ च्या जानेवारीत मालक कंपनीने खेळाच्या नियमांचा जुना खुला परवाना बदलायचा घाट घातला. जगभरातून खेळाडू असे खवळले की कंपनीला माघार घ्यावी लागली आणि मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचा मोकळा झाला. आज ते नियम कोणीही फुकट वापरू शकतं. टीएसआर गेली, शेअर कोणाचे होते ते आता फक्त अभ्यासकांना माहीत. टेबल राहिलं.

आमच्या होस्टेलमध्ये आम्ही पाच जण शनिवारी रात्री बसतो. सूत्रधार मी असतो. चिखल्याच्या मँगनीज खाणीसारखी खोल खाण, वर आंबागड, मध्ये जंगल, असा नकाशा मी ड्रॉइंग शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढला आहे. वीस पृष्ठांचा फासा तुमसरच्या बाजारात मिळत नाही, म्हणून इंजिनिअरिंग ग्राफिक्समधलं डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेस आठवून पुठ्ठ्याचा केला. तो एका बाजूला जरा झुकतो, त्यामुळे बहुतेक वेळा १ ते २० च्या चिठ्ठ्या टिफिनच्या डब्यातून काढतो. यात कमीपणा काही नाही. १९७९ च्या सुमारास फासे कमी पडले तेव्हा टीएसआरनेही बेसिक सेटच्या डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्याच घातल्या होत्या.

आमच्यातले तिघे आता फायनलला जातील, मग प्लेसमेंट, मग कोण पुण्याला, कोण हैदराबादला. म्हणून मी ठरवलं आहे की आमच्या खेळाची वही नीट लिहून ठेवायची. नकाशे, नियम, कोण कुठे मेलं, कोणी कोणाला वाचवलं, सगळं. पुढच्या वर्षी ज्युनियर मुलांना ती मिळेल. पहिल्या पानावर पाचही नावं असतील, एकाच आकाराच्या अक्षरांत. कोणाला बसायचं असेल तर शनिवारी जेवणानंतर या. पेन्सिल आणि एखादा कोरा कागद घेऊन या, चिठ्ठ्या आमच्याकडे आहेत.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)